तुमचं काय जाते, भाऊ?



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाचा फोन आला. म्हणाले, ‘वकीलसाहेब, मागच्या वर्षी संविधानावर झालं, त्याच्या आधी कापसाच्या भावावर. तुमचा विषय जरा घरगुती वाटतो.’ मी म्हटलं, घरात घडलं असतं तर मी बोललोच नसतो. एसटी स्टँडवर, घाटात, रेल्वेच्या फलाटावर, जत्रेत जे घडतं त्याबद्दल मला बोलायचं आहे. परक्याचं लेकरू आपल्या डोळ्यांदेखत धोक्यात असतं, त्याचे आईबाप शेजारीच असतात, निवांत असतात, आणि आपण बघत उभे असतो. बोलावं की गप्प बसावं? बोललो तर काय बोलावं? एवढाच आजचा विषय.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळा सुटल्यावर शेवटचं पोर रस्ता ओलांडेपर्यंत फाटकाशी उभे राहत. पुढच्या रांगेतली दोन-चार पांढरी डोकी माना हलवताहेत, म्हणजे त्यांनी गुरुजींचा हात धरलेला दिसतो. गुरुजी आईबापांनाही झाडत, आणि आईबाप ऐकून घेत. तो अधिकार गावाने त्यांना दिला होता. तुम्हा-आम्हाला तसा कुणी दिलेला नाही. अडचण इथूनच सुरू होते.

मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना राजूर घाट लागतो. मध्यंतरी त्या चढावर माझ्या पुढे एक मोटारसायकल होती. बाप चालवतोय, मागे आई, तिच्या मांडीवर तान्हं, आणि पुढे टाकीवर दोन-अडीच वर्षांचा मुलगा. मुलगा झोपलेला. वळण आलं की त्याची मान या मुठीकडून त्या मुठीकडे जायची. बाप डावा हात सोडून ती मान सरळ करायचा आणि पुन्हा हँडल धरायचा. पुढच्या वळणाला परत तेच. आईचा पदर चाकाच्या बाजूला फडफडत होता, तो वेगळाच. मागे आम्ही पाच-सहा गाड्या. सगळ्यांना दिसत होतं. एकेक जण हॉर्न देऊन पुढे निघून जात होता, आणि पुढे जाताना प्रत्येकाने आरशात मागे पाहिलं असणार याची मला खात्री आहे.

थोडा हिशेब मांडू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. या वेगातली गाडी कशावर आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोचं लेकरू धरून ठेवायला आईच्या हातांना शंभर किलोहून जास्त ओढ सोसावी लागते. क्विंटलभर सोयाबीनचं पोतं वरून टाकतो, कुणी एका हाताने झेलून दाखवावं. टाकीवरच्या मुलाचं त्याहून वाईट. तो हँडल आणि बापाची छाती यांच्यामध्ये सापडतो. बाप समजत असतो, मी त्याला कवेत घेतलंय.

नियम आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवरच्या चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट हवं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू झाला आहे: मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत. असा पट्टा मिळतो का, हे उद्या आपल्या गावातल्या दुकानात विचारून पाहा. दुकानदार तुमच्याकडे कसा बघतो, तेही पाहा.

कायदा सांगितला की माणसांना वाटतं, चला, प्रश्न सुटला. वकिलाला तसं वाटत नाही. अपघात झाल्यावर मदत करणाऱ्याला आज संरक्षण आहे. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या याचिकेवर ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम १३४ अ म्हणून कायद्यात आलं. जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून तुमच्यावर बालंट येत नाही, नाव सांगण्याची सक्ती होत नाही. तरीही १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर, आपल्याच जिल्ह्यात, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला बस जळाली आणि २५ माणसं गेली, तेव्हा बाहेर पडलेल्यांनी हात करूनही जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. म्हणजे संरक्षण असून ही तऱ्हा. आणि अपघाताच्या आधी, ‘दादा, त्या पोराला मागे घ्या’ एवढं सांगणाऱ्याला तर कसलंच कलम नाही. तिथे तुम्ही एकटे.

आईबापांवर मात्र कलम आहे. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७५. ज्याच्या ताब्यात बालक आहे त्याने जाणूनबुजून हेळसांड केली आणि त्यातून मुलाला त्रास होण्यासारखा असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपये दंड किंवा दोन्ही. घाटातल्या त्या बापाला हे कलम लावायला मी कधीच सांगणार नाही. तो झोपलेल्या मुलाची मान सावरत होता. हेळसांड करणारा माणूस मान सावरत नाही. त्याच्याकडे चौघांना न्यायला एकच गाडी होती आणि धोका किती याचा त्याला अंदाज नव्हता.

आता आपल्याकडे वळू. आपण गप्प का बसतो?

१९६८ साली अमेरिकेत डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुणांना खोलीत बसवून प्रश्नावली भरायला दिली आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. खोलीत माणूस एकटा असेल तर शंभरातले ७५ जण उठून सांगायला गेले. शेजारी दोन जण मुद्दाम बसवलेले, धुराकडे बघून न बघितल्यासारखे करणारे, असे असतील तर शंभरातले १० च उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले. पुढे २०१९ मध्ये इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांमधली रस्त्यावरच्या २१९ भांडणांची कॅमेरा-चित्रणं तपासली गेली, तेव्हा निराळं दिसलं: दहातल्या नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. मला दोन्ही खरं वाटतं. भांडण पेटलेलं दिसतं, त्यात माणूस उडी घेतो. टाकीवरचं पोर म्हणजे धूर. अजून काही झालेलं नाही. आईबाप शेजारी शांत आहेत, आजूबाजूचे शांत आहेत, मग मीच एकटा कशाला बोंबलू?

आणि बोललोच, तर उत्तर ठरलेलं. घाटावर म्हणतील, ‘तुमचं काय जातंय?’ घाटाखाली म्हणतील, ‘तुमचं काय जाते, भाऊ? पोट्टं आमचं हाये.’ हा काही साधा उद्धटपणा नाही. आपण आईला सांगत असतो की तू आई म्हणून कमी पडलीस, तेही चारचौघांत. जिजाऊंच्या जिल्ह्यात कुठली आई हे ऐकून घेईल?

एसटी स्टँडवर जा. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली रीत जुनी. पुढे रुमालाला कुणी जुमानेना, तेव्हा खिडकीतून पोर आत टाकायला लागले. गाडी अजून फलाटाला लागलेली नसते, मागे येत असते, वाहक शिट्टी मारत असतो, आणि बाप पोराला काखोटीला धरून खिडकीबरोबर पळत असतो. चालकाला मागचं काही दिसत नाही, म्हणून तर वाहकाची शिट्टी. तिथे एखादा वाहक असा खेकसतो की बाप जागच्या जागी थांबतो. त्याला कुणी ‘तुमचं काय जाते’ म्हणत नाही. खाकी अंगावर असली की बोलणं सोपं जातं. कामाचा भाग म्हणून बोलणाऱ्याचं माणसं ऐकतात. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

शेगाव स्टेशनवर मी पाहिलेली गोष्ट सांगतो. सहा-सात वर्षांचा मुलगा फलाटाच्या कडेला पाय खाली सोडून बसलेला, हातात कुरकुऱ्यांची पुडी. बाप चार पावलांवर मोबाईलमध्ये. एक वयस्क गृहस्थ तावातावाने पुढे झाले, ‘अहो, बाप आहात की कोण? मालगाडी येतेय, पोराकडे लक्ष द्या!’ बापाने मान वर केली, सगळा फलाट आपल्याकडे बघतोय हे पाहिलं, दोन ढांगांत मुलापर्यंत पोचला, त्याला दंडाला धरून ओढलं आणि एक सणसणीत लगावली. ‘सांगितलं होतं ना बसू नको म्हणून?’ सांगितलेलं नव्हतं. पुडी रुळांत गेली. मुलगा वाचला, हे खरं. गृहस्थ समाधानाने बाकावर जाऊन बसले. चौघांत बापाला बोल लावला की त्याचा हिशेब बहुतेक वेळा लेकराच्या गालावर चुकता होतो. कधी घरी गेल्यावर, कधी आईच्या पाठीवर. बघ्याला तो दिसत नाही, म्हणून त्याचं समाधान टिकतं.

म्हणून म्हणतो, आईबापांचा न्याय करायचं काम आपण आपल्याकडे घेऊ नये. आपल्याला तेवढी माहितीच नसते. १७ एप्रिल २०२१ ची वांगणी स्टेशनवरची चित्रफीत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. फलाटाच्या कडेने एक बाई लहान मुलाचा हात धरून चालली आहे. मुलगा रुळांत पडतो. उद्यान एक्सप्रेस समोरून येते आहे. बाई फलाटावर चाचपडते आहे. नुसतं चित्र पाहून पहिला शब्द काय तोंडात येतो? बेजबाबदार. इतक्या कडेने कोण नेतं पोराला? नंतर कळलं, त्या माउलीला दिसत नव्हतं. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत आला, मुलाला वर ढकललं आणि स्वतः वर चढला, तोवर गाडी आलीच. आपल्यालाही धोका आहे हे क्षणभर मनात आलं होतं, असं त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं. मिळालेल्या ५० हजारांच्या बक्षिसातले निम्मे त्याने त्या मुलासाठी दिले. धावताना त्याने आईला एक शब्दही बोल लावला नव्हता. तेवढा वेळच नव्हता म्हणा. पण मला वाटतं, वेळ असतो तेव्हाही क्रम हाच असावा: आधी लेकरू, मग आईबापांचा विचार, आणि तोही जमलं तर.

इथे कुणी म्हणेल, मग सरळ लेकराला उचलावं ना बाजूला, आईबापांना कशाला विचारायचं? नाही. या राज्यात परक्याच्या मुलाला हात लावणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरत होत्या. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलला एवढं निमित्त झालं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात, लवंग्याला, उत्तरेकडून आलेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि बेदम मार खाल्ला. विसंगती बघा कशी आहे. तोच जमाव, तीच माणसं. बाप पोराला टाकीवर झोपवून घाट चढतो तेव्हा कुणाला काही वाटत नाही, आणि भिक्षेकरी पोराशी दोन शब्द बोलला की सगळ्यांना सगळ्या गावाची लेकरं आठवतात. लेकरांची काळजी आपल्यात भरपूर आहे. ती आपण अनोळखी माणसासाठी राखून ठेवली आहे, ओळखीच्या धोक्यासाठी नाही.

आणि अनोळखी माणसातही फरक असतो. पांढरपेशा, चष्मेवाला, माझ्यासारखा माणूस परक्याच्या पोराला धरून बाजूला करेल, तर फार तर चार शब्द ऐकेल. भटक्या समाजाच्या माणसाने तेच केलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. तेव्हा ‘प्रत्येकाने पुढे आलंच पाहिजे’ असं व्यासपीठावरून सांगायला मी धजत नाही. ज्याचा बोलण्यात जीव जात नाही, त्याने बोललं पाहिजे. ही सभा त्यातलीच आहे.

कसं बोलावं, ते शिकायला लांब जायला नको. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकरी उभे असतात. हजारोंची रांग, रेटारेटी, उन्हाने कावलेली माणसं. सेवेकरी ओरडत नाही. हात जोडतो, ‘माउली’ म्हणतो, आणि वाट दाखवतो. भलाभला ताठ माणूस त्या एका शब्दाने वळतो. मी हा प्रयोग रस्त्यावर करून पाहतो. मुलाकडे न जाता आधी आईबापांपाशी जायचं, मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं न बोलता जवळ जाऊन बोलायचं, आणि चूक न दाखवता मदत पुढे करायची. ‘ताई, पिशवी माझ्याकडे द्या, बाळाला दोन्ही हातांनी धरा.’ ‘भाऊ, लेकरू झोपलं, पाच मिनिटं टपरीवर थांबता का? चहा घेऊ.’ दहातले सहा-सात ऐकतात असा माझा अनुभव आहे. बाकीचे ‘तुमचं काय जाते’ म्हणतात. म्हणू द्या. त्यांनी तसं म्हटलं तरी त्यांच्या कानावर ते पडलेलं असतं.

जिथे गोड बोलून भागत नाही अशाही जागा आहेत. बाप झिंगलेला आहे आणि पोराला पुढे बसवून किक मारतोय, तर तिथे माउली-बिउली नाही. किल्ली काढायला चार जण जमवायचे आणि ११२ फिरवायचा. मुलाला कुणी सोडूनच गेलं असेल, मारहाण रोजची असेल, तर १०९८. हा नंबर १९९६ साली मुंबईतून सुरू झाला, २०२३ पासून सरकारने तो आपल्याकडे घेऊन ११२ शी जोडला. पैसे पडत नाहीत. पाठ करून ठेवा, पुढे जाऊ.

आईबापांना ‘बेपर्वा’ हा शब्द मी आतापर्यंत लावला नाही, त्याचं कारण सांगतो. बांगलादेशात लहान मुलं बुडून मरण्याचं प्रमाण फार मोठं होतं. घरोघर पुकुर, म्हणजे तळं. तिथे अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की बरीच मुलं सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान बुडतात. का? त्या वेळी आई स्वयंपाकात, धुण्यात, गुराढोरांत असते, बाप कामावर असतो. म्हणून गावोगाव ‘आंचल’ नावाची पाळणाघरं काढली. नेमकी नऊ ते एक. गावातलीच एक बाई वीस-पंचवीस पोरं सांभाळते. जी मुलं तिथे जाऊ लागली त्यांचं बुडणं खूपच कमी झालं. कुणी आयांना लक्ष द्या म्हणून भाषण दिलं नाही. आपल्याकडे कापूस वेचायला गेलेल्या बाईने दोन वर्षांचं पोर कुठे ठेवावं? अंगणवाडीत तीन वर्षांपासून घेतात. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमावी असं लिहिलं होतं. तुमच्या गावच्या कामावर अशी बाई कुणी पाहिली असेल तर सभेनंतर मला भेटा. त्या कापूस वेचणारीचं पोर बांधाशी झाडाला बांधलेल्या झोळीत असतं, आणि झोळीतून उतरायच्या वयाचं झालं की मोकळं असतं. आणि बांधापलीकडे शेततळं.

आता मी ज्यासाठी आलो तिथे येतो. शेततळं म्हणजे आपल्या भागात ठरलेलं माप: तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन मीटर खोल. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पाणी झिरपू नये म्हणून तो हवाच. पण त्यावर शेवाळ धरतं, आणि उतारावरून पाय सटकला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. धरायला काही नसतं. आत उतरलेल्याला वाचवायला गेलेला दुसराही राहतो. विहिरीला निदान कठडा असतो, पायऱ्या असतात, दोर असतो. कोरड्या पडलेल्या बोअरचं तसंच. ११ फेब्रुवारी २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सोडून दिलेली बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी जमिनीपर्यंत भरली पाहिजे, चालू बोअरला पक्कं झाकण आणि भोवती सिमेंटचा ओटा पाहिजे, आणि खेड्यात हे बघायची जबाबदारी सरपंच आणि कृषी खात्याची. उघड्या बोअरवर गोणपाट आणि वर एक दगड, अशी व्यवस्था तुम्ही आजही पाहता.

मी विचारतो, इथे तुम्हाला कोण ‘तुमचं काय जाते’ म्हणणार आहे? इथे कुणाची आई दुखावत नाही, कुणाच्या बापाचा चारचौघांत पाणउतारा होत नाही, कुणी तुम्हाला मुलं पळवणारा समजत नाही. लेकरू अजून तिथे आलेलंही नाही. शेतमालक ओळखीचा, बहुतेक वेळा भावकीतला. तरी आपण बोलत नाही. म्हणजे आईबापांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसतो, हे आपण स्वतःला सांगतो ते फारसं खरं नाही. आपल्याला गप्प बसायची सवय लागली आहे, आणि संकोच हे तिला मिळालेलं बरं कारण आहे.

एसटीच्या वाहकाची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं. कामाचा भाग म्हणून बोलणाऱ्याचं ऐकलं जातं. तेव्हा या व्याख्यानमालेच्या मंडळाने ते काम अंगावर घ्यावं, अशी माझी मागणी आहे. हार-शालीचा खर्च पुढच्या वर्षी वगळा. त्या पैशांतून नायलॉनचा जाड दोर आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा घ्या. पंचक्रोशीतल्या प्रत्येक शेततळ्याच्या चारही काठांवर खुंट्या ठोकून, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यात सोडा आणि एक फुगवलेली ट्यूब काठाला बांधून ठेवा. शेतमालकाला आधी विचारा, कुंपण घालायला सांगा, आणि उघडी बोअर दिसली की ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे. सभा संपल्यावर दाराशी टेबलावर ठेवतो, ज्यांच्या गावात अशी बोअर आहे त्यांनी एकेक प्रत घेऊन जावी.